कसं पाहायचं, हे सांगणारा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

काही वर्षांपूर्वी मी एक पावसाळाभर पाऊस मोजला. माझ्या मित्रांना याचं फार हसू आलं. कवीनं पावसावर लिहावं, पाऊस मोजण्याचा उद्योग त्यानं कशाला करावा, असं त्यांचं म्हणणं. पण मला हौस आली होती. गावाकडच्या घराच्या अंगणात एक सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला. त्यात फूटपट्टी बुडवायची, पाणी किती मिलिमीटर चढलं ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि डबा पालथा करायचा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक दिवस चुकवला नाही. घरात लग्न होतं त्या दिवशीही नोंद केली.

पुढं ती वही मी एका परिचितांना दाखवली. हवामानाच्या नोंदी ठेवण्यातच त्यांची नोकरी झाली होती. त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, ‘‘डबा कुठं ठेवला होता?’’ म्हटलं, ‘‘कडुनिंबाच्या आडोशाला. मोकळ्यावर शेळ्या तोंड घालतात.’’ ‘‘मोजायचात किती वाजता?’’ म्हटलं, ‘‘उठल्यावर. रोजे होते तेव्हा पहाटे सहरीच्या वेळी, एरवी आठ-नऊ वाजता. मोठी सर येऊन गेली की मधेही.’’ त्यांनी वही हलकेच मिटली. ‘‘पुढच्या वर्षी जूनच्या आधी या,’’ म्हणाले, ‘‘दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. झाड, भिंत, जे काही जवळ असेल त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवायचा आणि रोज सकाळी बरोबर साडेआठला मोजायचं.’’

श्रोतेहो, पाच महिन्यांच्या माझ्या कष्टांत आणि उपयोगी नोंदीत अंतर होतं ते या दोन वाक्यांचं. ती मला वेळेवर मिळाली नाहीत, एवढंच.

तेव्हापासून मला या ‘दोन वाक्यांच्या’ इतिहासाची गोडी लागली. सामान्य माणसांनी निरीक्षणं करायची आणि त्यातून विज्ञान उभं राहायचं, या पद्धतीला आज ‘सिटिझन सायन्स’ म्हणतात. मराठीत काही जण नागरिक-विज्ञान म्हणतात. (लोकविज्ञान हा शब्द अधिक गोड आहे, पण तो आपल्याकडे विज्ञानप्रसाराच्या कामाला आधीच जुंपलेला आहे.) अशा उपक्रमांच्या कथा सांगताना लोक निरीक्षकांची संख्या सांगतात, शोध सांगतात. त्या निरीक्षकांच्या हाती आधी एक कागद दिला गेला होता, कसं पाहायचं आणि कसं लिहायचं हे सांगणारा, त्याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आज ती सांगतो.

असा एक फार जुना कागद खलाशांसाठी लिहिलेला आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीनं आपलं नियतकालिक काढलं त्याच्या पहिल्याच खंडात, १६६६ साली, लांबच्या सफरीवर निघणाऱ्या दर्यावर्दींसाठी सूचना छापल्या. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते पाहा, भरती-ओहोटी पाहा, किनाऱ्यांचे नकाशे काढा, हवेच्या नोंदी करा आणि हे सगळं रोजनिशीत नीट लिहा. या सूचना लॉरेन्स रूक नावाच्या प्राध्यापकानं तयार केल्या होत्या. विद्वानांना समुद्रावर जायला नको होतं. जे जाणारच आहेत त्यांचे डोळे उसने घ्यायचे, असा हा व्यवहार.

पण सूचनापत्र म्हणून मला मनापासून आवडतं ते एडमंड हॅली यांचं. धूमकेतूमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. ३ मे १७१५ रोजी इंग्लंडवरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली जाणार होती. इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे तेव्हा २२ एप्रिल होता. हॅलींनी ग्रहणाच्या आधीच एका मोठ्या कागदावर इंग्लंडचा नकाशा छापून विकायला काढला. त्यावर चंद्राच्या सावलीचा काळा पट्टा दाखवलेला, आणि खाली मजकूर. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, अचानक अंधार पडेल तेव्हा घाबरू नका, हा अपशकुन नव्हे, हे सूर्य-चंद्राच्या चालीचं गणित आहे. आणि दुसरी, अंधार किती वेळ टिकतो ते जमेल तितक्या काळजीनं मोजा.

आता गंमत पाहा. त्यांनी लोकांकडून दुर्बीण मागितली नाही, कोन मोजायला सांगितलं नाही. लंबकाचं घड्याळ तेवढं हवं, म्हणाले, आणि ते तर बऱ्याच घरांत असतंच. कारण खग्रास स्थिती क्षणात सुरू होते आणि क्षणात संपते, त्यामुळे साध्या माणसाची नोंदही अचूक येणार. घरी जे आहे त्यानं जे नेमकं मोजता येतं, तेवढंच विचारायचं, हे ज्याला सुचलं त्याला माणसं कळत होती, असं मला वाटतं. जास्त मागितलं असतं तर निम्म्यांनी हात वर केले असते आणि उरलेल्यांनी अंदाजे आकडे ठोकून दिले असते.

मग ठिकठिकाणांहून पत्रं आली. सावलीच्या उत्तरेकडच्या कडेला यॉर्कशायरमध्ये एका गृहस्थाला सूर्य अगदी ठिपक्याएवढा उरलेला दिसला, रंगानं आणि आकारानं मंगळासारखा, पण पुरता झाकला गेला नाही. तिथून थोड्याच अंतरावर मात्र तो झाकला गेला. म्हणजे सावलीची कड या दोन गावांच्या मधून गेली! कुठल्याही वेधशाळेला एकटीनं हे सांगता आलं नसतं. दक्षिणेकडची कडही अशीच केंटमधल्या गावांच्या नोंदींवरून ठरली. हॅलींचा अंदाज वेळेच्या बाबतीत सुमारे चार मिनिटांनी आणि सावलीच्या बाबतीत सुमारे तीस किलोमीटरनी चुकला होता. लोकांच्या नोंदी घेऊन त्यांनी नकाशा दुरुस्त केला आणि पुन्हा छापला. १७२४ साली येणाऱ्या ग्रहणाची वाटही त्यावर दाखवली.

आणि नामवंतांचं काय झालं? केंब्रिजला रॉजर कोट्स नावाचे मोठे गणिती होते, न्यूटनचे सहकारी. आकाश तिथं स्वच्छ होतं. पण त्यांच्याभोवती ग्रहण पाहायला इतके पाहुणे गोळा झाले, की त्या गडबडीत ग्रहण लागण्याची वेळही निसटली आणि अंधार पडण्याचीही. हॅलींनी आपल्या वृत्तांतात हे लिहूनच ठेवलं आहे. पाहुणचारानं विज्ञानाचं केलेलं हे नुकसान वाचून मला आमच्या घरच्या दावती आठवल्या.

यानंतर मध्ये शंभरेक वर्षं सोडून पुढं जातो. विल्यम ह्यूएल हे केंब्रिजचे पंडित. ‘सायंटिस्ट’ हा शब्द त्यांनीच १८३३ च्या सुमारास घडवला. त्यांना भरतीचं कोडं सोडवायचं होतं. भरतीची लाट महासागरातून किनाऱ्यांकडे कशी येते, कुठल्या बंदराला कधी पोहोचते, याचा नकाशा हवा होता. एका माणसाचं हे काम नव्हे. त्यांनी निरीक्षणाच्या सूचना लिहून छापल्या, बंदरांवरचे अधिकारी, तटरक्षक आणि इतर हौशी माणसं जोडली. जून १८३५ मध्ये नऊ देशांच्या किनाऱ्यांवर साडेसहाशेहून अधिक ठिकाणी पाण्याची पातळी मोजली गेली. दर पंधरा मिनिटांनी, दिवसा आणि रात्रीसुद्धा, दोन आठवडे.

पंधरा मिनिटांचा हा आग्रह विक्षिप्त वाटेल, पण तो नसता तर भरतीचा नेमका माथा हाती लागला नसता. आणि सगळीकडे एकाच पंधरवड्यात मोजलं नसतं, तर चंद्र निराळा, वारा निराळा, आणि आकडे शेजारी ठेवण्याच्या लायकीचे राहिले नसते. या नोंदींवरून ह्यूएलनी असं अनुमान काढलं, की उत्तर समुद्रात एक जागा अशी असली पाहिजे जिथं पाणी चढत-उतरत जवळजवळ नाहीच. चारी बाजूंच्या लाटा तिच्याभोवती फिरतात. १८४० मध्ये कॅप्टन ह्यूएट यांनी बोट घेऊन जाऊन मोजलं, आणि ते खरं निघालं. कुठल्या तरी धक्क्यावर अपरात्री काठी बुडवणाऱ्या माणसाला आपण समुद्राच्या मध्यातली एक जागा शोधतो आहोत, याची कल्पनाही नसणार.

ती कल्पना त्याला कुणी दिलीही नाही. इथं माझं मन ह्यूएल यांच्यावर रुसतं. या मदतनिसांना त्यांनी ‘हाताखालचे मजूर’ अशा अर्थाचं नाव दिलं. स्वतः ते सुताराचे चिरंजीव होते! १८३७ मध्ये या कामासाठी रॉयल सोसायटीचं पदक त्यांना मिळालं. त्या साडेसहाशे ठिकाणांवरची माणसं मात्र आकडा होऊन उरली. सायंटिस्ट कोण हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच कोण नाही हेही त्याच वेळी ठरवून टाकलं.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेत, स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस जोसेफ हेन्री यांनी १८४९ मध्ये हवामानाच्या नोंदींसाठी स्वयंसेवकांचं जाळं विणायला घेतलं. सुरुवातीला दीडशे माणसं, दहा वर्षांत पाचशेच्या आसपास. शाळामास्तर, डॉक्टर, शेतकरी, धर्मोपदेशक. त्यांच्यासाठी आर्नल्ड ग्यो यांनी सविस्तर मार्गदर्शिका लिहिली. पण हेन्रींच्या योजनेतली मला भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी केलेले निरीक्षकांचे तीन वर्ग. पहिल्या वर्गाकडे सगळी उपकरणं. दुसऱ्याकडे फक्त तापमापक. आणि तिसऱ्याकडे काहीच नाही. या तिसऱ्या वर्गानं आकाश पाहायचं, वारा कुठून आला, ढग किती, पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला, एवढं लिहायचं. ज्याच्याकडे काही नाही त्यालाही त्यांनी कामातून वगळलं नाही, त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला. मोबदल्यात या लोकांना संस्थेची पुस्तकं आणि अहवाल मिळत. आपण पाठवलेल्या आकड्यांचं पुढं काय झालं, हे त्यांना घरबसल्या वाचता येई. १८७० नंतर हे काम सरकारकडे गेलं आणि तिथून पुढं अमेरिकेचं हवामान खातं उभं राहिलं.

आता आपल्या बाजूला येऊ. पण वाट हार्वर्डवरून आहे.

आकाशात काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत राहतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. असे तारे पुष्कळ, रात्री मर्यादित, आणि वेधशाळा मूठभर. म्हणून जर्मनीत आर्गेलांडर यांनी १८४४ मध्येच हौशी लोकांना साद घातली होती. १८८२ मध्ये हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी एक पुस्तिका काढली आणि अशा निरीक्षणांची योजना मांडली. त्यात स्त्रियांनाही मुद्दाम बोलावलं होतं, हे त्या काळी विशेष. पद्धत इतकी सोपी, की आपल्या आजीलाही सांगावी. तारा पाहायचा. त्याच्या आसपास, ज्यांचं तेज बदलत नाही आणि ठाऊक आहे, असे दोन तारे निवडायचे, एक त्याच्याहून किंचित तेजस्वी, एक किंचित मंद. आपला तारा या दोघांमध्ये कुठं बसतो याचा डोळ्यानं अंदाज करायचा. तारीख, वेळ, अंदाज. संपलं. मात्र त्यासाठी शेजारच्या ताऱ्यांची तेजं लिहिलेला नकाशा हाती हवा. १९११ मध्ये अमेरिकेत अशा निरीक्षकांची संघटना निघाली, ती हे नकाशे पुरवू लागली. ती आजही काम करते.

आणि हा नकाशा टपालानं बंगालमधल्या एका खेड्यात येऊन पोहोचला. जेसोरजवळचं बागचर हे गाव. आज ते बांगलादेशात आहे. तिथले राधागोविंद चंद्र हे जेसोरच्या कलेक्टर कचेरीतल्या खजिन्यात पोद्दार होते, म्हणजे नाणं खरं की खोटं हे पारखणारे. प्रवेश परीक्षा तीन वेळा देऊनही पास झाले नव्हते. लहानपणी शाळेच्या पुस्तकातल्या विश्वावरच्या एका धड्यानं त्यांना आकाशाचं वेड लावलं. १९१० मध्ये हॅलीचा धूमकेतू त्यांनी साध्या द्विनेत्रीतून पाहिला, मग इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवा तारा उजळला, तो त्यांनी टिपला, आणि त्या निमित्तानं हार्वर्डशी पत्रव्यवहार सुरू झाला. तिकडून पुस्तकं आली, ताऱ्यांचे नकाशे आले, आणि सभासद होण्याचं निमंत्रण आलं.

यापुढची पस्तीस वर्षं हा माणूस रात्री तारे पारखत राहिला. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी अमेरिकेला पाठवलेल्या नोंदी सदतीस हजारांहून अधिक आहेत. १९२६ मध्ये त्या संघटनेनं त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रमार्गे पाठवली. एवढं भांडवल एका खेड्यातल्या पोद्दारावर लावणारी माणसंही धन्य. त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. जे शिक्षण झालं ते पत्रांनी आणि नकाशांनी. त्यांचं वय झाल्यावर ती दुर्बीण संघटनेच्या सांगण्यावरून वेणू बाप्पू या खगोलशास्त्रज्ञांकडे गेली. राधागोविंद बाबू १९७५ मध्ये बारासातला वारले. मात्र त्या संघटनेच्या नोंदवहीत प्रत्येक निरीक्षणापुढं निरीक्षकाची खूण असते. त्यामुळे त्यांचा प्रत्येक अंदाज आजही त्यांच्या नावावर जमा आहे. ह्यूएलच्या काठीवाल्यांच्या वाट्याला हे आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता संगणकाच्या काळात या कागदाची काय गरज? तर तेही पाहू. जुलै २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी जवळजवळ दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रं इंटरनेटवर लोकांपुढं ठेवली आणि विचारलं, ही सर्पिल आहे की लंबगोल? उपक्रमाचं नाव ‘गॅलक्सी झू’. पहिल्या वर्षात दीड लाखाहून अधिक लोकांनी पाच कोटींवर उत्तरं दिली. पण आत शिरण्याआधी एक छोटा पाठ होता आणि त्यानंतर पंधरा चित्रांची परीक्षा. त्यातली बरीचशी बरोबर आली पाहिजेत. पुढं एक विचित्र गोष्ट दिसली. लोकांना डावीकडे फिरणाऱ्या दीर्घिका जास्त सापडत होत्या. विश्वालाच एक बाजू आहे की काय? संशोधकांनी चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा लोकांना दाखवली. तरीही डावीकडच्याच जास्त! म्हणजे कल विश्वाचा नव्हता, आपल्या नजरेचा होता. तो ध्यानात घेऊन त्यांनी हिशेब दुरुस्त केला, लोकांना घरी पाठवलं नाही.

पंधरा चित्रांची ती परीक्षा वाचताना मला आमच्या मोहल्ल्यातले मौलवीसाहेब आठवले. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी आम्ही पोरं गच्चीवर चढायचो. एका वर्षी मी ओरडलो, ‘‘चाँद दिसला!’’ मला मौलवीसाहेबांपुढं उभं केलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘सूर्य बुडाला त्या जागेच्या कुठल्या अंगाला? किती वर? आणि टोकं कुठं होती, सूर्याकडं की उलट?’’ मी ठासून सांगितलं, सूर्याकडं. ते हसले. चंद्राची उजळ कड नेहमी सूर्याकडं असते, टोकं त्याच्याकडं कधीच नसतात. मी पाहिली होती ती ढगाची चकाकती कोर. अब्बा मला रागावणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘पोरगा खोटं बोलत नाही. त्याला बघायला कुणी शिकवलेलं नाही.’’ आणि मग त्यांनी शिकवलं.

गेल्या काही वर्षांत अशा उपक्रमांसाठी रीतसर पुस्तिका निघाल्या आहेत. उपक्रम सुरू करण्याआधी प्रश्न कसा निवडायचा, लोकांना काय विचारायचं, आधी थोड्या लोकांवर सूचना कशा पारखून पाहायच्या, आकड्यांची तपासणी कशी करायची, हे सगळं त्यात असतं. युरोपातल्या संघटनेनं २०१५ मध्ये दहा तत्त्वं जाहीर केली. त्यांत निरीक्षकांना निष्कर्ष कळवावेत आणि त्यांचा ऋणनिर्देश करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. जोसेफ हेन्री जे टपालानं करत होते ते आता तत्त्व झालं.

आपल्याकडे पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. मारुती चितमपल्ली यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा करून पक्षिकोश केला. नाव ठाऊक नसलेला पक्षी वहीत लिहिणार कसा? म्हणून मी त्या कोशालाही निरीक्षकाच्या शिदोरीत धरतो. पण मराठीत अशा सूचना लिहायची वेळ आली की आपली लेखणी सरकारी होते. ‘निरीक्षणकर्त्याने सदर उपकरण अडथळाविरहित जागी प्रस्थापित करावे’ हे वाक्य माझ्या शेजारच्या सगुणाबाईंना कुणी वाचून दाखवलं तर त्या म्हणतील, मला काय कळतं बाई त्यातलं. त्याच बाई कुठल्या आंब्याला यंदा मोहोर किती दिवस उशिरा आला, ते बोटावर मोजून सांगतात. त्यांच्यासाठी कागद लिहायचा तर आधी त्यांच्याजवळ बसावं लागेल. आम्ही लिहिणारी माणसं वर्तमानपत्रांना इतक्या कविता धाडतो, त्यातला थोडा वेळ या कामाला द्यायला हरकत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल, तर डबा आता कडुनिंबापासून लांब, परसातल्या मोकळ्या जागी आहे. शेळ्यांसाठी भोवती तारेचं बुटकं कुंपण केलंय. वहीच्या पहिल्या पानावर ती दोन वाक्यं लिहून ठेवली आहेत. तिसरं वाक्य नातवानं लिहिलंय: नाना नसतील तेव्हा मी मोजायचं, आणि मोजलं नाही तर शून्य लिहायचं नाही, जागा मोकळी सोडायची.